टाकीतला समुद्र आणि प्रवाळाचे धडे

गेल्या हिवाळ्यात तुळजापूर तालुक्यातील एका शाळेत विज्ञान प्रदर्शनाचा परीक्षक म्हणून जाण्याचा योग आला. प्रदर्शन आटोपल्यावर चहा घेताना तेथील विज्ञानाच्या बाईंनी एक प्रश्न विचारला. शाळेत गोड्या पाण्यातील माशांची टाकी आहे. मुले तिची निगाही छान राखतात. आता मुलांना खाऱ्या पाण्याची टाकी हवी आहे आणि तिच्यात जिवंत पोवळेही हवे आहे. "सर, समुद्र इथून इतका लांब. हे जमेल का?"

मी म्हणालो, "पहिले जमेल. दुसरे जमवू नये. पण पहिले नीट जमवताना मुले दुसऱ्याबद्दल पुष्कळ शिकतील." चहाच्या कपात एवढेच उत्तर मावले. उरलेले या लेखात देत आहे.

समुद्र लांब आहे हे खरे. धाराशिव बालाघाटच्या पठारावर, समुद्रसपाटीपासून साधारण साडेसहाशे मीटर उंचीवर आहे आणि कोकणचा किनारा सरळ रेषेतही अडीचशे किलोमीटरहून दूर आहे. तरीही या जिल्ह्यात समुद्राची एक वस्तू घरोघरी सापडते. तुळजाभवानीच्या भक्तांच्या गळ्यातील माळेची कवडी म्हणजे एका समुद्री गोगलगायीचे कवच. ही गोगलगाय मालदीव, लक्षद्वीप अशा बेटांभोवतीच्या उथळ पाण्यात, प्रवाळांच्या सान्निध्यात राहते. म्हणजे प्रवाळाच्या शेजाऱ्याला आपण शतकानुशतके ओळखतो. खुद्द प्रवाळाची ओळख तेवढी राहून गेली आहे.

पोवळे आणि प्रवाळ

आधी एक गोंधळ दूर करू. सराफाच्या दुकानात अंगठीत बसवायला मिळते ते तांबडे पोवळे मुख्यत्वे भूमध्य समुद्रातले. त्याचा व्यापार फार जुना आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक व्यापाऱ्याने लिहिलेल्या 'पेरिप्लस' या प्रवासपुस्तिकेत भडोच बंदरात उतरणाऱ्या मालाच्या यादीत पोवळे आहे. त्याच पुस्तिकेत पैठणपासून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर असलेल्या 'तगर' नगराचा उल्लेख येतो. तगर म्हणजे आपल्या जिल्ह्यातील तेर. तेथील कापड गाड्यांतून भडोचला जात असे. ज्या बंदरातून तेरचा माल बाहेर जाई, त्याच बंदरात पोवळे उतरत असे.

उष्ण कटिबंधातील उथळ समुद्रात मोठमोठ्या भित्ती उभारणारे प्रवाळ मात्र या तांबड्या पोवळ्याचे दूरचे नातेवाईक. तांबड्या पोवळ्याच्या प्रत्येक जीवाला आठ शुंडके असतात. भित्ती बांधणाऱ्या प्रवाळात शुंडकांची संख्या सहाच्या पटीत असते. तांबडे पोवळे अंधुक, खोल पाण्यात वाढते. भित्ती बांधणाऱ्याला भरपूर ऊन लागते. ऊन का लागते, हे पुढे पाहू.

प्रवाळ दगड, वनस्पती की प्राणी, हा वाद पुष्कळ काळ चालला. गंमत अशी की त्याचा निकाल लागण्याची सुरुवात पाण्याच्या भांड्यातच झाली. इटलीचा निसर्गअभ्यासक मार्सिली याने १७०६ साली फ्रान्सच्या किनाऱ्यावर पोवळ्याच्या ताज्या फांद्या समुद्राच्या पाण्यात ठेवल्या. काही वेळाने त्यांच्यावर आठ पाकळ्यांची पांढरी फुले उमललेली त्याला दिसली. फुले आहेत, तेव्हा ही वनस्पतीच, असा निष्कर्ष त्याने काढला. पुढे मार्सेय येथील पेसोनेल या वैद्याने १७२० च्या दशकात तीच 'फुले' अधिक बारकाईने पाहिली. स्पर्श करताच ती मिटत होती. हे प्राणी आहेत, असे त्याने सांगितले. त्या वेळी त्याचे कोणी फारसे ऐकले नाही, पण तो बरोबर होता. निरीक्षण दोघांचे एकच होते. एकाने पाहून निष्कर्ष काढला, दुसऱ्याने त्याला हात लावून पाहिला. वर्गात सांगण्यासारखी ही गोष्ट आहे.

एका घरात तिघे

हायड्रा आपण पाठ्यपुस्तकात शिकवतो. नळीसारखे शरीर, वरच्या टोकाला तोंड, तोंडाभोवती शुंडके आणि शुंडकांवर भक्ष्याला बधिर करणाऱ्या दंशकोशिका. प्रवाळाचा एक जीव, म्हणजे पॉलिप, रचनेने असाच असतो. हायड्रा, समुद्रफूल, जेलीफिश आणि प्रवाळ हे सर्व एकाच संघातले. फरक असा की भित्ती बांधणारा प्रवाळ स्वतःच्या बुडाशी कॅल्शियम कार्बोनेटची वाटी बांधतो, थोडा वर सरकतो, पुन्हा बांधतो. एकापासून दुसरा असे हजारो पॉलिप तयार होऊन एकमेकांना जोडलेले राहतात. त्या सर्वांचे मिळून झालेले बांधकाम आपण प्रवाळ म्हणून ओळखतो. गोलसर, भरीव वाढणारा प्रवाळ वर्षाला जेमतेम एखादा सेंटीमीटर वाढतो. हाताएवढा गोळा मुलांच्या वयापेक्षा मोठा असू शकतो.

आता उन्हाचा प्रश्न. या पॉलिपच्या पेशींत एकपेशीय शैवाल राहते. शैवाल प्रकाशसंश्लेषण करून शर्करा तयार करते आणि तिचा मोठा वाटा प्रवाळाला देते. प्रवाळाच्या ऊर्जेच्या गरजेपैकी ९० टक्क्यांपर्यंत भाग अशा रीतीने भागू शकतो. बदल्यात शैवालाला निवारा, कार्बन डायऑक्साइड आणि प्राण्याच्या उत्सर्गातील नायट्रोजन मिळतो. प्रवाळाचा तपकिरी, हिरवट रंग बराचसा या शैवालाचा.

मुलांना हे पटवायला समुद्र लागत नाही. तुरीचे किंवा सोयाबीनचे रोप मुळासकट उपटून दाखवावे. मुळांवरच्या गाठींत रायझोबियम जिवाणू राहतात. ते हवेतील नायट्रोजन पिकाला देतात, पीक त्यांना शर्करा देते. शेतात वनस्पती यजमान आहे आणि जिवाणू भाडेकरू. समुद्रात प्राणी यजमान आहे आणि शैवाल भाडेकरू. प्राणी, शैवाल आणि दगड असे तिघे एका घरात राहतात. पहिल्या दोघांचे बिनसले की तिसऱ्याचे बांधकाम थांबते. ते का बिनसते, हे टाकी आपल्याला शिकवते.

पाणी तयार करणे

साठ सेंटीमीटर लांब, तीस रुंद आणि तीस उंच अशी टाकी घेतली तर तिच्यात साधारण ५० लिटर पाणी ठेवता येते. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. म्हणजे आपल्याला पावणेदोन किलो क्षार हवेत. स्वयंपाकाचे मीठ घातले तर चालेल का? नाही. त्या ३५ ग्रॅमपैकी मीठ, म्हणजे सोडियम क्लोराइड, सुमारे २७ ग्रॅमच असते. उरलेल्या भागात मॅग्नेशियम, सल्फेट, पोटॅशियम, बायकार्बोनेट आणि कॅल्शियम येतात. कॅल्शियम लिटरला केवळ ०.४ ग्रॅम, पण प्रवाळाचे आणि कवडीचे सारे घर त्यातूनच उभे राहते. म्हणून मत्स्यालयासाठी मिळणारे तयार समुद्री क्षारमिश्रण वापरावे.

बोअरचे पाणी जड असते, त्यात कॅल्शियम आहेच, मग ते उत्तम, असे वाटण्याचा संभव आहे. मलाही तसे वाटले होते. पण शेतीच्या भागातील बोअरच्या पाण्यात अनेकदा नायट्रेटही असते. प्रवाळभित्तीभोवतीचे पाणी पोषक द्रव्यांच्या बाबतीत अतिशय गरीब असते. त्यात खत मिसळले की मोकळे शैवाल माजते आणि प्रवाळाला झाकून टाकते. तेव्हा गाळणयंत्राचे, क्षार काढलेले पाणी घ्यावे आणि त्यात क्षारमिश्रण विरघळवावे.

खारटपणा मोजायला हायड्रोमीटर लागतो. तो नसेल तर गावातल्या दूध संकलन केंद्राचा लॅक्टोमीटर मागून आणावा. तो दुधाची विशिष्ट घनता मोजतो. २५ चा आकडा म्हणजे १.०२५. समुद्राचे पाणीही जवळपास तेथेच येते. हे मोजमाप अगदी काटेकोर नव्हे, पण पाणी फिके झाले की तीव्र, हे कळायला पुरेसे आहे. दूध आणि समुद्र यांची घनता जवळजवळ सारखी, हे ऐकून मुले थक्क होतात.

पाणी तयार झाले म्हणजे लगेच मासे सोडायचे नसतात. टाकीत काळ्या पाषाणाचे स्वच्छ धुतलेले दगड आणि संगमरवराचा चुरा घालावा, हवेचा पंप सुरू करावा आणि चिमूटभर माशांचे खाद्य टाकून थांबावे. खाद्य कुजून अमोनिया तयार होतो. तो विषारी. दगडांवर हळूहळू जिवाणू वसतात. काही अमोनियाचे नायट्राइट करतात, काही नायट्राइटचे नायट्रेट. या क्रियेला चार ते सहा आठवडे लागतात. मत्स्यालयाच्या दुकानात थेंब टाकून रंग पाहण्याच्या चाचण्या मिळतात. मुलांनी दर दोन दिवसांनी तिन्ही मोजावीत आणि आलेख काढावा. अमोनियाचा डोंगर चढून उतरतो, मागून नायट्राइटचा डोंगर येतो, शेवटी नायट्रेट चढत राहते. पुस्तकातील नायट्रोजन चक्राची आकृती डोळ्यांसमोर घडताना दिसते.

आटणारे पाणी

आपल्याकडे चैत्र-वैशाखात हवा किती कोरडी असते, हे सांगायला नको. टाकीतील पाणी झपाट्याने आटते. समजा ५० लिटरपैकी ५ लिटर आटले. क्षार काही वाफेबरोबर उडत नाहीत. पूर्वीचे १७५० ग्रॅम क्षार आता ४५ लिटरमध्ये आहेत. भागाकार करा: लिटरला जवळजवळ ३९ ग्रॅम. आता टाकी भरायला कोणते पाणी घालावे? खारे पाणी घातले तर खारटपणा वाढतच जाईल. घालायचे ते गोडे पाणी. हा प्रश्न सातवीच्या वर्गाला विचारून पाहावा; निम्मे हात चुकीच्या उत्तरासाठी वर येतील. माझे स्वतःचे उत्तरही एकदा चुकले होते.

ती गोष्ट सांगतो. २००८ साली, संशोधन संपवून काही महिने घरी, तेव्हाच्या उस्मानाबादेत, राहत असताना मी खाऱ्या पाण्याची टाकी लावली. मुंबईहून दोन विदूषक मासे आणि एक समुद्रफूल प्राणवायू भरलेल्या पिशवीतून रात्रीच्या बसने आणले. समुद्रफूल म्हणजे प्रवाळाचा सख्खा चुलत भाऊ, पण घर न बांधणारा. त्याच्याही शरीरात तेच शैवाल असते. दोन महिने सारे ठीक चालले. मासे त्याच्या शुंडकांत शिरून झोपत. शेजारपाजारची मुले संध्याकाळी येऊन बसत.

एप्रिल उजाडला आणि भारनियमन वाढले. दिवसातून अनेक तास पंप बंद. मी वहीत तापमान लिहीत होतो: २८, २९, ३१, ३३. पाणी आटत होते आणि मी भरीला साठवलेले खारे पाणीच घालत होतो. मासे पृष्ठभागाशी येऊन धापा टाकू लागले, कारण पाणी जसे तापते आणि खारट होते तसा त्यात प्राणवायू कमी मावतो. समुद्रफूल आक्रसले. आठवड्याभरात त्याचा तपकिरी रंग गेला आणि ते दुधासारखे पांढरे झाले. शेजारच्या एका मुलीने विचारले, "काका, हे आता जास्त छान दिसतंय ना?" मला काय उत्तर द्यावे ते सुचले नाही. नंतरच्या आठवड्यात ते विरघळल्यासारखे होऊन मेले. वीज गेली हे निमित्त. एका जिवाची गरज समजून न घेता मी त्याला घरी आणले, ही खरी चूक.

त्या मुलीला जे छान वाटले त्याला विरंजन म्हणतात. पाणी मर्यादेपेक्षा तापले की शैवालाच्या प्रकाशसंश्लेषणाची यंत्रणा बिघडते आणि पेशींना इजा करणारी ऑक्सिजनची संयुगे तयार होतात. यजमान प्राणी मग शैवालाला बाहेर काढतो. रंग जातो, पारदर्शक शरीरातून खालचा पांढरा सांगाडा दिसू लागतो. प्रवाळ त्या क्षणी मेलेला नसतो. तो उपाशी असतो. काही आठवड्यांत पाणी निवळले तर शैवाल परत वसू शकते. नाही निवळले तर प्रवाळ मरतो.

माझ्याजवळ तेव्हा उपाय होता आणि तो घरातच होता: माठ. एक लिटर पाण्याची वाफ होताना सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता खर्च होते. ५० लिटरच्या टाकीतून एक लिटर आटले तर, बाहेरून उष्णता आली नाही असे धरल्यास, उरलेले पाणी ११ अंशांहून अधिक थंड व्हायला हवे. प्रत्यक्षात उष्णता येत राहते, त्यामुळे फरक काही अंशांचाच पडतो. पण बॅटरीवर चालणारा लहान पंखा पाण्याच्या पृष्ठभागावर वारा घालत राहिला आणि आटलेल्या पाण्याच्या जागी गोडे पाणी घातले, तर मराठवाड्याच्या कोरड्या उन्हाळ्यातही टाकी सांभाळता येते. पावसाळ्यात, हवा दमट असताना, ही युक्ती मंदावते.

समुद्राला पंखा नाही

टाकी लहान म्हणून लवकर तापते, समुद्र मोठा म्हणून सुरक्षित, असे आपण समजतो. पण भित्ती बांधणारे प्रवाळ आधीच त्यांना सोसणाऱ्या तापमानाच्या वरच्या टोकाजवळ राहतात. शास्त्रज्ञ समुद्राची उष्णता एका सोप्या गुणाकाराने मोजतात. एखाद्या जागेच्या नेहमीच्या सर्वांत उष्ण महिन्याच्या सरासरीपेक्षा पाणी किती अंश अधिक तापले आणि ते किती आठवडे तसे राहिले, यांचा गुणाकार. एक अंश गुणिले चार आठवडे म्हणजे ४. येथे लक्षणीय विरंजनाची शक्यता सुरू होते. आकडा ८ झाला की प्रवाळ मरू लागण्याची भीती असते. आपण ज्याला एका अंशाचा किरकोळ फरक म्हणतो, तो प्रवाळासाठी महिनाभराचा ताप असतो.

ही दूरदेशीची गोष्ट नव्हे. महाराष्ट्रात मालवणजवळ सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरात प्रवाळ आहेत. तेथे १९८७ साली सुमारे २९ चौरस किलोमीटरचे सागरी अभयारण्य जाहीर झाले. विजयदुर्गच्या पश्चिमेला सुमारे शंभर किलोमीटरवर समुद्रात बुडालेले एक पठार आहे. कान्होजी आंग्रे यांच्या नावावरून त्याला आंग्रिया बँक म्हणतात. त्याचा माथा पाण्याखाली वीसेक मीटरवर आहे आणि पाणी स्वच्छ असल्याने तेथेही प्रवाळ वाढतात. मालवणच्या प्रवाळांचे विरंजन गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतील शास्त्रज्ञांनी २०१४-१५ च्या सुमारास नोंदवले. २०२३ साली सुरू झालेल्या चौथ्या जागतिक विरंजनात जगातील ८० टक्क्यांहून अधिक प्रवाळक्षेत्राला विरंजन घडवू शकेल एवढी उष्णता सोसावी लागली. लक्षद्वीपही त्यातून सुटले नाही.

चुन्याच्या निवळीचा प्रयोग

दुसरे संकट शांतपणे येते. त्यासाठी आठवीचा जुना प्रयोग पुन्हा करावा. चुन्याच्या निवळीत नळीने फुंकर घाला. निवळी दुधाळ होते, कारण विरघळलेल्या चुन्याचे कॅल्शियम कार्बोनेट होते. बहुतेक वेळा आपण येथे थांबतो. थांबू नका, फुंकत राहा. थोड्या वेळाने दुधाळपणा नाहीसा होतो. जास्तीच्या कार्बन डायऑक्साइडमुळे पाणी आम्लाकडे झुकते आणि कार्बोनेट पुन्हा विरघळते.

प्रवाळ आपल्या बुडाशी पहिली अर्धी क्रिया साधतो. तेथील पाण्यातून हायड्रोजन आयन बाहेर ढकलून तो कार्बोनेट साचवतो. याला ऊर्जा लागते. हवेतील वाढता कार्बन डायऑक्साइड समुद्रात विरघळून त्याला दुसऱ्या अर्ध्या क्रियेकडे ढकलतो आहे. औद्योगिक क्रांतीपूर्वी समुद्राच्या पृष्ठभागाचा सामू सुमारे ८.२ होता, आता तो ८.१ च्या आसपास आहे. फरक ०.१ चा दिसतो, पण हे मोजमाप लॉगरिथमचे असल्याने हायड्रोजन आयन २५ ते ३० टक्क्यांनी वाढले आहेत. बांधकामाची मजुरी वाढली आणि नेमका त्याच वेळी उष्णतेने स्वयंपाकीही घर सोडून जातो आहे.

या साऱ्या चुन्याचा आपल्या रानाशीही संबंध आहे. काळ्या जमिनीत सापडणारे चुनखडीचे पांढरे खडे मुलांना गोळा करायला सांगा आणि त्यांच्यावर लिंबू पिळा. बुडबुडे येतात, म्हणजे हेही कॅल्शियम कार्बोनेटच. दख्खनचा काळा पाषाण झिजतो, त्यातील कॅल्शियम पावसाच्या पाण्यात उतरते. काही येथेच खडा होऊन राहते, काही तेरणेतून मांजरेत, मांजरेतून गोदावरीत आणि पुढे बंगालच्या उपसागरात जाते. समुद्रातील चुन्याच्या साठ्यात आपल्या शिवाराचाही वाटा आहे.

बाईंच्या प्रश्नाचे उत्तर

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. जिवंत प्रवाळ शाळेच्या टाकीत का ठेवू नये? पहिले कारण कायद्याचे. २००१ साली भित्ती बांधणाऱ्या सर्व प्रवाळांचा समावेश वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत झाला, म्हणजे वाघाला जे संरक्षण आहे तेच त्यांना. जिवंत असो वा वाळलेला, प्रवाळाचा तुकडा समुद्रातून काढणे किंवा विकत घेणे गुन्हा आहे. शोभेच्या कपाटात ठेवण्यासाठी कोणी विकायला आणला तरी घेऊ नये. दुसरे कारण जीवशास्त्राचे. ज्याला एक अंशाची वाढ महिनाभर सोसत नाही, त्याला वीज येण्याजाण्यावर अवलंबून ठेवणे योग्य नव्हे.

मग टाकीत काय ठेवावे? आरंभी आर्टेमिया ठेवावा. या सूक्ष्म कोळंबीवर्गीय प्राण्याची वाळवलेली अंडी मिळतात आणि खाऱ्या पाण्यात एक-दोन दिवसांत फुटतात. सहा महिने खारटपणा, तापमान आणि नायट्रेट यांची नोंद न चुकता झाली, तर बंदिस्त प्रजननातून वाढवलेले विदूषक मासे आणावेत. आपल्या देशात ते तंत्र साध्य झाले आहे, समुद्रातून पकडलेले मासे घेण्याची गरज नाही. जिवंत समुद्री प्राणी जवळून पाहायचे असतील तर सहलीत रत्नागिरीच्या सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्राचे मत्स्यालय जरूर घ्यावे.

टाकीशेजारी एक तक्ता लावावा. रोजचे तापमान लिहावे आणि २९ अंशांवर तांबडी रेघ ओढावी. रेघेच्या वर गेलेला प्रत्येक दिवस मुलांनी मोजावा. उन्हाळ्याच्या अखेरीस ती बेरीज त्यांच्यासमोर असेल. आपल्या टाकीत प्रवाळ असता तर तो आज जगला असता का, याचे उत्तर मग त्यांना कोणी सांगावे लागणार नाही. आणि त्या दिवशी पंखा कोणी लावला, पाणी कोणी घातले, हेही त्याच तक्त्यावर असेल.